श्वासाचा ईएमआय

तिशीतल्या कपल्सची स्वप्नं साधारण सेम असतात. टू-बीएचके, एक बरी गाडी, वर्षातून एक ट्रिप, मग बाळ. या ऑर्डरमध्ये आम्ही दुसऱ्या नंबरपर्यंत पोचलो होतो. वाकडला अकराव्या मजल्यावर फ्लॅट, खाली पार्किंगमध्ये गाडी आणि दोघांच्या पगारातून दर पाच तारखेला गुपचूप कापला जाणारा ईएमआय. २०२३ साली आम्ही तो फ्लॅट विकला. माझ्या नवऱ्याला नवी फुफ्फुसं हवी होती.

फुफ्फुसं विकत घेतली, असं मात्र म्हणू नका हं. लोक सर्रास म्हणतात, म्हणून आधीच सांगते. अवयवांची खरेदी-विक्री हा आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. ती फुफ्फुसं आम्हाला एका अनोळखी कुटुंबाने दिली, स्वतःच्या माणसाला निरोप देता देता, एक पैसा न घेता. पैसे लागतात ते ती बसवायला. आणि मग ती टिकवायला. या दुसऱ्या खर्चाबद्दल कुणी फारसं बोलत नाही. बातमीत ग्रीन कॉरिडॉर असतो, धावणारी अँब्युलन्स असते, डॉक्टरांचा फोटो असतो. केमिस्टचं बिल नसतं.

अकराव्या मजल्यावरचे पाहुणे

सुरुवात झाली २०२० च्या पावसाळ्यात, कोरड्या खोकल्याने. त्या वर्षी खोकणारा माणूस म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. दोनदा कोविडची टेस्ट केली, दोन्हीदा निगेटिव्ह. आम्ही चक्क पेढे वाटण्याच्या मूडमध्ये होतो. खोकला मात्र राहिला. मग जिन्याचे दोन मजले चढल्यावर धाप, मग एकच मजला चढल्यावर. शेवटी सीटी स्कॅन झाला आणि त्यातून एक लांबलचक नाव निघालं, ‘हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस’.

सोप्या भाषेत सांगायचं तर, श्वासातून आत जाणाऱ्या कुठल्यातरी धुळीवर फुफ्फुस चिडतं. पक्ष्यांची विष्ठा आणि पिसं, कूलरमधली बुरशी, ओल आलेल्या भिंती, असं काहीही. आधी सूज येते, मग सुजेच्या जागी व्रण. स्पंजासारखं असलेलं फुफ्फुस हळूहळू चामड्यासारखं होत जातं. फुफ्फुसांच्या अशा आजारांची भारतात एक नोंदणी केली गेली, २०१७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यातल्या जवळजवळ निम्म्या रुग्णांना हेच निदान होतं. आमच्या ड्राय बाल्कनीच्या डक्टमध्ये कबुतरांची अख्खी सोसायटी होती, आमच्यापेक्षा जुनी. कारण तेच, असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. (छातीच्या डॉक्टरांनी हा शब्द वापरावा, याचं मला त्याही वेळी हसू आलं होतं.) २०२५ च्या ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत रणकंदन झालं, तेव्हा आम्ही टीव्हीसमोर गप्प बसून होतो. दाणे टाकणाऱ्यांच्या श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण त्या दाण्यांचं पुढे काय होतं, हे आमच्या घरात कळतं.

राजगड दोन तासांत चढणारा हा माणूस २०२३ च्या सुरुवातीला मोजे घालताना मध्येच थांबायला लागला. चोवीस तास ऑक्सिजन, मिनिटाला सहा लिटर. घरात कॉन्सन्ट्रेटरची घरघर, आणि त्याच्या मागे पंधरा फुटांची नळी. तो किचनमध्ये आला की नळी आधी दिसायची. मग डॉक्टरांनी ट्रान्सप्लांट हा शब्द काढला. ‘फार लवकर करून उपयोग नाही, आणि फार उशीर झाला तर शरीर ऑपरेशन सोसत नाही. तुमची वेळ आता आहे.’

एक्सेल शीट

नवरा इंजिनीअर. टेन्शन आलं की तो एक्सेल उघडतो. आठवडाभर त्याने वाचून काढलं. जगातलं पहिलं फुफ्फुस प्रत्यारोपण १९६३ साली अमेरिकेत मिसिसिपीला झालं आणि तो पेशंट १८ दिवस जगला. मग वीस वर्षांनी, १९८३ मध्ये, टोरांटोच्या डॉक्टरांना पहिलं दीर्घकाळ टिकलेलं यश मिळालं. आणि आता जगभरचा हिशेब असा, की ज्यांचं प्रत्यारोपण होतं त्यातले निम्मे सहा-सात वर्षांहून जास्त जगतात आणि निम्मे त्याआधी जातात. किडनी आणि लिव्हरच्या मानाने हा आकडा लहान आहे. फुफ्फुस हा बाहेरच्या हवेशी थेट संबंध असलेला अवयव. दर श्वासाबरोबर जंतू आत.

एका रविवारी सकाळी त्याने मला शीट दाखवलं. हॉस्पिटल ३५ लाख, चेन्नईचा मुक्काम आणि प्रवास १० लाख, पुढच्या सहा वर्षांची औषधं १८ लाख. एकूण ६३. खाली त्याने भागाकार केला होता. साडेसहा वर्षं म्हणजे ७८ महिने, महिन्याला साधारण ८१ हजार, दिवसाला २,७००.

‘एवढ्यात आपण रोज फाइव्ह स्टारमध्ये जेवू शकतो गं,’ तो म्हणाला. मग नळी सरळ करत, माझ्याकडे न बघता, ‘मी गेल्यावर तुझ्याकडे निदान फ्लॅट तरी असेल.’

हे वाक्य तो किती दिवस पाठ करत होता कोण जाणे. मी म्हटलं, ‘त्या फ्लॅटचं मी एकटी काय करू? कबुतरं पाळू?’ त्याला हसू आलं, हसण्याने खोकला आला, आणि पुढची दहा मिनिटं आम्ही दोघं त्याचा ऑक्सिजन ८८ वरून वर यायची वाट बघत बसलो. निर्णय झाला तो असा. सिनेमात असतो तसा काही सीन झाला नाही.

नंतर मी त्याला एवढंच सांगितलं, की साडेसहा वर्षं ही काही एक्स्पायरी डेट नाही. तो मधला आकडा आहे. निम्मे त्याच्या पलीकडे असतात. इंजिनीअरला हे मी सांगायला लागावं, म्हणजे तो किती घाबरला होता बघा.

पैसे कुठून आले, हे विचारायला लोकांना संकोच वाटतो, पण सगळ्यांना ऐकायचं असतं. तर, फ्लॅट विकून कर्ज फेडल्यावर हातात आले २९ लाख. त्याच्या कंपनीचा विमा आणि आमची फ्लोटर पॉलिसी मिळून १० लाख. सासऱ्यांची एफडी ८. दोघांच्या पीएफमधून ५. माझ्या पाटल्या आणि गोठ ४. मित्रांनी क्राउडफंडिंगचं पेज काढू म्हटलं, पण त्यासाठी नळ्या लावलेला फोटो हवा होता आणि त्याला तो द्यायचा नव्हता. मग कॉलेजच्या बॅचने आपसात ६ लाख जमवले, बिनव्याजी, ‘जमेल तेव्हा दे’ या अटीवर. एकूण ६२. शीटमधल्या आकड्याला एक लाख कमी. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचीही चौकशी केली, पण तिथली उत्पन्नाची मर्यादा आमच्या सॅलरी स्लिपने केव्हाच ओलांडली होती. गरिबांसाठी योजना असतात, श्रीमंतांकडे पैसे असतात. आपण मधले, आपल्याकडे एसआयपी असते.

एक टीप लगेच देते, कारण नंतर विसरेन. ‘क्रिटिकल इलनेस’ नावाची जी पॉलिसी एजंट आपल्या गळ्यात मारायला बघतो आणि आपण फोन कट करतो, तिच्या आजारांच्या यादीत मोठ्या अवयवांचं प्रत्यारोपण असतं, फुफ्फुसासकट. रक्कम एकदम हातात मिळते. आजार समोर आल्यावर मात्र ती कुणी देत नाही. आणि नेहमीचा मेडिक्लेम डिस्चार्जनंतरचा खर्च साधारण ६० ते ९० दिवसांपर्यंतच देतो. गोळ्या तर जन्मभराच्या असतात.

मामींचं घर

चेन्नईच का? फुफ्फुसांची प्रत्यारोपणं देशात तिथं सर्वात जास्त होतात, अनुभव तिथं आहे. पूर्वी काही राज्यांत नोंदणीसाठी तिथलाच रहिवासी असल्याचा दाखला लागायचा. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राने ही अट काढायला सांगितलं, आणि देशात कुठेही नाव नोंदवण्याचा रस्ता मोकळा झाला. मे महिन्यात आम्ही निघालो. विमानात ऑक्सिजन लावलेला पेशंट न्यायचा तर एअरलाइनच्या डॉक्टरांकडून ‘मेडिफ’ नावाचा फॉर्म मंजूर करून घ्यावा लागतो. त्या एका फॉर्मसाठी मी जेवढे फोन केले, तेवढे लग्नाच्या हॉलसाठीही केले नव्हते.

दात्याच्या शरीरातून काढलेली फुफ्फुसं साधारण चार ते सहा तासच थांबू शकतात. म्हणून पेशंटने हॉस्पिटलजवळच राहायचं, फोन कायम चालू, बॅग भरलेली. रक्तगट जुळायला हवा, छातीचं मापही जुळायला हवं. सहा फुटी माणसाची फुफ्फुसं पाच फुटी माणसात मावत नाहीत. आम्ही एका घराचा दुसरा मजला भाड्याने घेतला, महिना २२ हजार. खाली राहणाऱ्या मालकीणबाईंना मामी म्हणायचं, हे पहिल्याच दिवशी कळलं. हॉस्पिटलातल्या आयाबाई मला अक्का म्हणायच्या. अख्ख्या तमीळमध्ये मला कळलेला तो पहिला शब्द, कारण तो आमच्या घरातही आहे. माझ्या मोठ्या आत्याला सगळे अक्काच म्हणतात.

ऑगस्टमध्ये एकदा फोन आला. आम्ही पोचलो, त्याची दाढी-आंघोळ झाली, रक्त घेतलं, आणि चार तासांनी सांगितलं, ती फुफ्फुसं घेण्यासारखी नाहीत, घरी जा. असं बऱ्याच जणांचं होतं म्हणे. रिक्षात तो म्हणाला, ‘रिहर्सल होती.’ मी रडले, ते खिडकीकडे तोंड करून. रिक्षाला खिडकी नसते, हे नंतर लक्षात आलं.

दुसरा फोन १९ ऑक्टोबरला, ललिता पंचमीच्या रात्री. मामींच्या दिवाणखान्यात नवरात्राचा गोलू मांडलेला होता, पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या, आणि माझ्या हातात त्यांनी नुकतीच दिलेली सुंडलची वाटी. वाटी तशीच ठेवून निघाले. ऑपरेशन नऊ तास चाललं. मग चार दिवस एक्मो, म्हणजे फुफ्फुसांचं काम करणारं मशीन, मग व्हेंटिलेटर, मग हळूहळू स्वतःचा श्वास. पॅकेजमध्ये ठराविक दिवस असतात आणि एक्मोचे दिवस बहुधा पॅकेजबाहेर, हे तुम्ही आधी विचारून ठेवा. ३९ दिवसांनी डिस्चार्ज मिळाला तेव्हा बिल ३५ च्या ऐवजी ४१ लाख होतं. मला त्यात फसवणूक वाटली नाही, प्रत्येक ओळ आम्हाला रोज दाखवली जात होती. पण एस्टिमेट या शब्दाचा अर्थ त्या दिवशी नीट समजला.

घरी येऊन आठवडा होतो न होतो तोच मिचाँग आलं. डिसेंबर २०२३ च्या सुरुवातीचं ते चक्रीवादळ. रस्त्यावर कमरेएवढं पाणी, वीज गेलेली, फोनला रेंज नाही. आणि माझ्याकडे एक असा माणूस, ज्याची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम पाडून ठेवलेली आहे. शरीराने परकी फुफ्फुसं हाकलून लावू नयेत म्हणून ती पाडावी लागते, आणि मग साधी बुरशीही जिवावर बेतू शकते. भिंती ओल धरायला लागल्या होत्या. नेब्युलायझरला वीज हवी होती. मामींच्या इन्व्हर्टरवर त्यांचा फ्रिज बंद करून आम्ही दिवसातून दोनदा नेब्युलायझर चालवला. पाणी गॅसवर वीस-वीस मिनिटं उकळायचं. टॅक्रोलिमसच्या कॅप्सूल मोजल्या, आठ दिवसांच्या होत्या. हायसं वाटलं. चौथ्या दिवशी वीज आली तेव्हा मामींनी फ्रिजमधलं सगळं फेकून दिलं आणि त्या नुकसानीचा विषयही काढला नाही.

रिकव्हरी म्हणजे

रिकव्हरी म्हणजे माणूस पलंगावरून उठतो, फुलं येतात, असा माझा समज होता. (फुलं, कुंड्या, माती, सगळं बंद, बुरशीमुळे.) खरी रिकव्हरी घड्याळाला बांधलेली असते. टॅक्रोलिमस बरोबर बारा तासांच्या अंतराने, सकाळी नऊ, रात्री नऊ. रक्तातलं त्याचं प्रमाण तपासायचं असेल त्या दिवशी सकाळची गोळी न घेता आधी लॅब गाठायची. प्रमाण कमी पडलं तर फुफ्फुसं नाकारली जाण्याची भीती, जास्त झालं तर किडनीला धोका. ग्रेपफ्रूट बंद, आपलं पपनसही बंद, कारण त्याने हे प्रमाण वर जातं. जेनेरिक गोळ्या स्वस्त मिळतात आणि चालतात, पण केमिस्टने परस्पर कंपनी बदलून दिलेली चालत नाही. कंपनी बदलली की पुन्हा तपासणी. त्यात वरून स्टेरॉइड, बुरशीविरोधी गोळ्या, व्हायरसविरोधी गोळ्या. पहिल्या वर्षी महिन्याला ३८ ते ४० हजार. आता २४ च्या आसपास.

स्टेरॉइडने त्याला मध्यरात्री तीनला भूक लागायची. मी झोपेत थालीपीठ थापायचे आणि तो ते खाताना मनापासून सॉरी म्हणायचा. साखर वाढली, चेहरा गोल झाला. टॅक्रोलिमसने हात थरथरायचे. बँकेने त्याचा चेक परत पाठवला, सही जुळत नाही म्हणून. आणि एक गंमत ऐका. नव्या फुफ्फुसांच्या नसा जुन्या शरीराला जोडल्या जात नाहीत, त्यामुळे खोकल्याची आपसूक येणारी उबळ कमी होते. तीन वर्षं ज्या खोकल्याने आम्हाला झोपू दिलं नाही, तो आता त्याला आठवणीने, ठरवून काढावा लागतो.

एप्रिल २०२४ मध्ये पुण्यात परतलो, भाड्याच्या घरात, पहिल्या मजल्यावर. घर शोधताना मी किचनच्या आधी डक्ट बघायचे. एजंट वैतागला होता. पुण्यात बांधकामाची धूळ नाही अशी गल्ली शोधणं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. कापून ठेवलेली फळं नाहीत, उसाचा रस नाही, बुफे नाही, लग्नं लांबून. नातेवाईक ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणत यायचे आणि मास्क लावा म्हटलं की दुखावले जायचे. मला साधी सर्दी झाली की मी हॉलमध्ये झोपते, स्वतःच्या घरात मास्क लावून. गेल्या हिवाळ्यात सलग सोळा रात्री. नवरा-बायकोच्या नात्यात जे सहज होत असतं, जवळ जाणं, एका ताटात जेवणं, ते आम्ही घसा दुखतोय का ते विचारून करतो. बेडरूममध्ये आमचं संभाषण सुरू होतं ते ‘शिंक आली होती का?’ इथून.

शीटमधली एक ओळ

चेन्नईच्या अकरा महिन्यांत मी बिनपगारी रजेवर होते. सात महिन्यांनी कंपनीने नम्रपणे मेल पाठवला, आणि मी राजीनामा दिला. पुण्यात आल्यावर एकदा शीट अपडेट करत असताना मी बघितलं, त्यात ऑक्सिजनच्या नळीचे ४०० रुपयेही होते. माझा पगार नव्हता. नवऱ्याने मुद्दाम लपवला होता असं नाही. त्याला तो खर्च वाटलाच नव्हता, आणि खरं सांगायचं तर इतर कुणालाही नाही. बायको सोबत असणारच, हे धरून चाललेलं असतं. हॉस्पिटलही धरून चालतं. नोंदणीच्या आधी सोशल वर्करने विचारलं होतं, ‘काळजी घ्यायला पूर्णवेळ कोण?’ मी हात वर केला. तिने टिक केली. पूर्णवेळ या शब्दाचे पैसे किती, हे त्या फॉर्मवर कुठेच नव्हतं.

मी नवी ओळ टाकली. अकरा महिने रजा, मग नोकरी मिळेपर्यंतचे सहा. १७ गुणिले ५८ हजार. ९ लाख ८६ हजार. त्याने ते वाचलं आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग त्या ओळीच्या रकान्यात ‘देणं’ असं टाइप केलं. मला राग आला. मी म्हटलं, ‘देणं नाही रे, खर्च म्हण. झालेला खर्च.’ तो म्हणाला, ‘मग तू पण मला गुंतवणूक समजणं बंद कर.’

त्याचं बरोबर होतं तसं. रोज सकाळी तो एका छोट्या यंत्रात फुंकतो, होम स्पायरोमीटर. आकडा दहा टक्क्यांनी घसरला तर लगेच चेन्नईला कळवायचं, कारण जुनाट रिजेक्शन गुपचूप येतं. एक दिवस त्याने कंटाळा केला की मी शेअर बाजारातल्या माणसासारखी त्याच्या मागे लागायचे. आता आमच्यात करार आहे. मी आकडा विचारायचा नाही, त्याने तो फ्रिजवरच्या कागदावर लिहायचा. मी दूध काढताना बघते.

तो आता आठवड्याचे तीन दिवस घरून काम करतो, दोन दिवस ऑफिसला जातो, एन-९५ लावून. पर्वतीवर न थांबता चढला गेल्या महिन्यात. बॅचचे ६ पैकी २ लाख परत गेलेत. बँकेच्या एका मुलीचा फोन आला, ‘सर, प्री-अ‍ॅप्रूव्हड होम लोन, वीस वर्षांसाठी.’ त्याने तिला अगदी मन लावून व्याजदर विचारून घेतला. ठेवल्यावर म्हणाला, ‘वीस वर्षं म्हणाली ती. सहज म्हणाली.’

राहिला लिस्टमधला शेवटचा आयटम, बाळ. त्याच्या गोळ्यांपैकी एकीच्या माहितीपत्रकात पुरुषांसाठीही गर्भनिरोधनाची सूचना आहे. डॉक्टरांचं म्हणणं, विचार पक्का झाला की आधी आमच्याशी बोला, गोळ्या बदलता येतात का ते बघू. तो अडतीसचा, मी छत्तीसची. माझ्या आईला हा प्रश्न फक्त माझ्या वयाचा वाटतो. आमच्यापुरता तो असा आहे, की त्या सहा-सात वर्षांच्या आकड्यात आणखी एका माणसाला आणायचं का. त्याला हवंय. मला भीती वाटते, आणि मी तसं बोलून दाखवलं तर तो म्हणतो, निम्मे पलीकडे असतात ना, तूच सांगितलंस. यावर आमचं दोनदा भांडण झालंय, एकदा तर जोरात. पुढच्या महिन्यात चेन्नईला ब्राँकोस्कोपी आहे, मामींनी वरची खोली ठेवली आहे. तिथं डॉक्टरांना दोघांनी मिळून विचारायचं, एवढं ठरलंय. प्रश्नांचा कागद त्यानेच केलाय, एक्सेलमध्ये.